खुलं, सामूहिक काम कुठे अडतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर काय आहे?

विकिपीडिया, लिनक्स ही संगणकप्रणाली, ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा ही कामं साधारण एकाच रीतीने उभी राहिली. कुणीही यावं, जमेल तेवढं करावं, आणि झालेलं काम सगळ्यांना फुकट वापरता यावं. या रीतीचं कौतुक मराठीत भरपूर झालं आहे. महाविद्यालयांतल्या विकिपीडिया कार्यशाळांमध्ये आम्हीही तेच करतो. पण तिथे मागच्या बाकांवरून जे प्रश्न येतात, ते कौतुकाने सुटत नाहीत. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं एका संपादकाची आहेत, कुठल्याही संस्थेची अधिकृत भूमिका म्हणून ती वाचू नयेत.

मालक नाही, पगार नाही, तरी हे चालतं कसं?

विकिपीडियाच्या आधी न्यूपीडिया होता. मार्च २००० मध्ये तो सुरू झाला. लेख जाणकाराने लिहायचा आणि तो सात पायऱ्यांच्या तपासणीतून जायचा, अशी व्यवस्था होती. पहिल्या वर्षात पुरे झालेले लेख पंचवीससुद्धा भरले नाहीत. जानेवारी २००१ मध्ये त्याच्या जोडीला कच्च्या कामासाठी विकिपीडिया उघडला. तिथे आधी लिहायचं, तपासायचं मागाहून. वर्षभरात वीस हजारांच्या आसपास लेख झाले. न्यूपीडिया २००३ मध्ये बंदच पडला.

हे का जमलं, याचं नेटकं उत्तर योखाय बेंकलर या कायद्याच्या अभ्यासकाने २००२ मध्ये दिलं. काम सुट्या तुकड्यांत विभागता आलं पाहिजे. तुकडा इतका लहान हवा की कुणी दुपारच्या सुट्टीत तो उरकू शकेल. आणि ते तुकडे जोडायला फार खर्च येता कामा नये. गावजेवणाला भाजी चिरायला शंभर हात चालतात, आमटीत मीठ मात्र एकानेच घालायचं असतं. खुली पद्धत चिरण्याच्या कामांत अफाट आहे. मिठाच्या कामांत ती गडबडते.

बेंकलरच्या तीन अटींना मी एक चौथी जोडतो. झालेली चूक कुणाच्या तरी नजरेला पडली पाहिजे. लिहिणारे मिळतात, बघणारे मिळत नाहीत. खाली सांगितलेल्या बहुतेक फजित्या तिथूनच सुरू होतात.

मग सगळे मिळून कादंबरी का लिहीत नाहीत?

लिहून पाहिली आहे. २००७ मध्ये पेंग्विन प्रकाशन आणि इंग्लंडमधलं डी मॉन्टफर्ट विद्यापीठ यांनी विकिवर एक कादंबरी उघडी ठेवली. पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत कुणीही काहीही बदलावं. पाच आठवडे हा खेळ चालला. पात्रं वाढत गेली, कथानकाला फाटे फुटत गेले, आणि एका सदस्याने जागोजागी केळी घुसवायला सुरुवात केली. शेवटी केळ्यांची एक वेगळी आवृत्तीच काढावी लागली. मला त्या केळेवाल्याबद्दल थोडी सहानुभूती आहे. बाकीच्या मजकुराला कणा नसताना निदान त्याच्याकडे एक धोरण तरी होतं.

त्याआधी जून २००५ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने इराक युद्धावरचा अग्रलेख वाचकांना बदलण्यासाठी खुला केला होता. अश्लील चित्रांचा मारा सुरू झाला आणि दोन-तीन दिवसांत तो बंद करावा लागला. अग्रलेख म्हणजे एकाची बाजू. दोन विरुद्ध मतांच्या माणसांनी एकच बाजू आळीपाळीने लिहायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? विश्वकोशात हा पेच 'अमुक असं म्हणतात, तमुक तसं म्हणतात' असं लिहून सोडवता येतो. अग्रलेखात ती सोय नाही.

पाठ्यपुस्तक तर माहितीचंच असतं. ते?

विकिबुक्स २००३ पासून आहे. त्यात काही पुस्तकं चांगली आहेत, अर्धवट पुष्कळ आहेत. पाठ्यपुस्तकात सातवा धडा सहाव्यावर उभा असतो. सहाव्यात कुणी चिन्हं बदलली की सातवा कोसळतो. शिवाय अभ्यासक्रम शिक्षण मंडळ ठरवतं, मंजूरही तेच करतं, म्हणून बाहेरच्यांनी मिळून लिहिलेलं पुस्तक कितीही चांगलं झालं तरी वर्गात पोचत नाही.

"हजार डोळे असले की चूक लपत नाही" असं ऐकलं आहे. खरं का?

डोळे असतील तर खरं. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात हे वचन १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आरतीसारखं म्हटलं जातं. मात्र कोड वाचता येणं निराळं आणि तो कुणी खरोखर वाचणं निराळं.

ओपनएसएसएलचं उदाहरण घ्या. बँकेचा पासवर्ड जाताना ब्राउझरमध्ये जी कुलपाची खूण दिसते, त्यामागे अनेक ठिकाणी हा कोड असतो. २०११ च्या अगदी शेवटी त्यात एक चूक शिरली. मार्च २०१२ मध्ये ती सगळीकडे गेली. सापडली एप्रिल २०१४ मध्ये, आणि तिला हार्टब्लीड हे नाव पडलं. दोन वर्षं कोणालाही सर्व्हरच्या स्मृतीतला मजकूर, कधी कधी गुप्त किल्ल्यासुद्धा, बाहेर खेचता येत होत्या. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुरक्षित म्हणवणाऱ्या सर्व्हरांपैकी साधारण १७ टक्के उघडे होते. आणि या प्रकल्पावर पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. देणग्या वर्षाला दोन हजार डॉलरच्या आसपास. कोट्यवधी डॉलर कमावणाऱ्या कंपन्या हा कोड फुकट वापरत होत्या, आणि प्रत्येकीची समजूत एकच: कोड उघडा आहे म्हणजे दुसऱ्या कुणीतरी तपासलाच असेल.

ती चूक होती. कुणी मुद्दाम घुसलं तर?

तेही झालं, आणि माझ्या मते खुल्या कामाच्या इतिहासातली ही सगळ्यात अंगावर येणारी हकिगत आहे.

एक्सझेड हे फाइल लहान करण्याचं साधन. जवळजवळ प्रत्येक लिनक्स संगणकावर असतं. वर्षानुवर्षं एकच माणूस फावल्या वेळात ते सांभाळत होता. २०२१ च्या सुमारास 'जिया टॅन' या नावाचं एक खातं मदतीला आलं. छोट्या दुरुस्त्या, सभ्य भाषा, नियमित हजेरी. त्याच सुमाराला दुसरी काही खाती मूळ सांभाळणाऱ्याच्या मागे लागली: काम सावकाश चाललंय, तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्याने उत्तरात सांगितलं होतं की हा बिनपगारी छंद आहे. शेवटी दमलेल्या माणसाने नव्या मदतनिसाला अधिकार दिले. कुणीही दिले असते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा होता. त्यातून दूरच्या संगणकावर हुकूम चालवता आला असता. तो मुख्यत्वे लिनक्सच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत पोचला होता, जगभरच्या सर्व्हरांवर जाण्याच्या बेतात होता. तेव्हा मायक्रोसॉफ्टमधला अभियंता आंद्रेस फ्रॉइंड याला आपल्या संगणकावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. तो भलत्याच कामाची मोजमापं घेत होता. अर्ध्या सेकंदाने अस्वस्थ होऊन तो खणत गेला आणि २९ मार्च २०२४ ला त्याने सगळं जाहीर केलं.

खुल्या पद्धतीचे भक्त म्हणतात, बघा, कोड उघडा होता म्हणून सापडलं. ते खरं आहे. बंद कोडमध्ये फ्रॉइंडला एवढं खणता आलं नसतं. पण कोड तपासण्याची नेमून दिलेली कुठलीच व्यवस्था इथे कामी आली नाही, एका चिकट माणसाचा संशय कामी आला. उद्या असा माणूस त्या आठवड्यात रजेवर असेल.

मग पैसे द्या, प्रश्न मिटला!

थोडा मिटतो. हार्टब्लीडनंतर मोठ्या कंपन्यांनी लिनक्स फाउंडेशनकडे निधी गोळा केला, ओपनएसएसएलला माणसं मिळाली. लिनक्सचा गाभा तर हौशी पोरं रात्री जागून लिहितात ही समजूत कधीच जुनी झाली आहे. त्यातला बहुतांश बदल आज इंटेल, रेड हॅट, गूगल यांसारख्या कंपन्यांचे पगारी नोकर करतात. पगार घेऊन केलेलं काम खुलं नसतं असं मुळीच नाही. मात्र पगार देणारा आपल्याला हवी ती दुरुस्ती आधी करून घेतो. क्लाउडच्या सर्व्हरला लागणारं लगेच होतं, एखाद्या लिपीची जोडाक्षरं नीट दिसणं रांगेत मागे राहतं. आणि एक्सझेडसारखी शेकडो बारकी साधनं कुणाच्याच पगारपत्रकावर नसतात.

एखाद्याने रागावून आपलं काम काढून घेतलं तर?

मार्च २०१६ मध्ये असं झालं. नावाच्या वादातून चिडलेल्या एका प्रोग्रॅमरने एनपीएम या तयार कोडच्या भांडारातून आपली २७३ पॅकेजं काढून घेतली. त्यांत लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं एक पॅकेज होतं. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरायची, एवढंच त्याचं काम. त्यावर अवलंबून असलेले हजारो प्रकल्प त्या दुपारी बांधले जाईनात. भांडाराने ते काही तासांतच परत ठेवलं आणि काढण्याचे नियम कडक केले. म्हणजे खुल्या बाजारालाही रखवालदार लागलाच.

पटलं नाही तर वेगळी चूल मांडता येते ना?

येते, आणि हा हक्क अनमोल आहे. २००२ मध्ये स्पॅनिश विकिपीडियावर जाहिराती येणार या भीतीने बरेच संपादक उठून गेले आणि त्यांनी स्वतंत्र कोश काढला. विकिपीडियावर आजही जाहिराती नाहीत, त्यात त्या रुसव्याचा वाटा आहे असं मानलं जातं. २०१० मध्ये ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरमधून लिब्रेऑफिस निघालं आणि मूळ प्रकल्पापेक्षा जोमाने वाढलं. अलीकडे कंपन्यांनी आपल्या सॉफ्टवेअरच्या वापराचे परवाने आवळले तेव्हा रेडिस या डेटाबेसमधून व्हाल्की, टेराफॉर्म या सर्व्हर उभारण्याच्या साधनातून ओपनटोफू निघाले.

पण नवी चूल मांडायला माणसं लागतात, जळण लागतं. व्हाल्कीच्या मागे मोठ्या कंपन्या होत्या. दहा संपादक असलेल्या भाषेतले चार निघून गेले तर दोन्हीकडच्या चुली विझतात. वाचकही जुन्या नावाकडेच जातो, कारण गूगल त्यालाच वर दाखवतं.

लहान भाषांमध्ये हे कसं चालतं?

इथे जरा थांबावं लागेल, कारण आपल्याशी याचा थेट संबंध आहे.

स्कॉट्स ही स्कॉटलंडमधली भाषा, इंग्रजीची चुलत बहीण. ऑगस्ट २०२० मध्ये लोकांच्या लक्षात आलं की स्कॉट्स विकिपीडियाचा फार मोठा भाग, वीस हजारांहून जास्त लेख, अमेरिकेतल्या एका किशोरवयीन मुलाने लिहिला आहे. त्याला स्कॉट्स येत नव्हती. तो इंग्रजी वाक्य घ्यायचा आणि शब्दकोशातून शब्द बदलत जायचा. लहान वयात, चांगल्या हेतूने, वर्षानुवर्षं. तो तिथे प्रचालकही, म्हणजे पानं वगळण्याचा आणि सदस्यांना अडवण्याचा अधिकार असलेला सदस्य, झाला होता. त्या मुलाला लोकांनी नंतर फार वाईट वागवलं. माझा राग त्याच्यावर नाही. इतकी वर्षं एकाही स्कॉट्स बोलणाऱ्याने 'अरे, हे काय लिहितोयस' असं विचारून त्याला थांबवलं नाही, हे खरं दुखणं.

क्रोएशियन विकिपीडियाचं दुखणं उलटं. तिथे बघणारे होते, पण सगळे एकाच गटाचे. साधारण २००९ पासून दशकभर काही कट्टर राष्ट्रवादी प्रचालकांनी तो ताब्यात ठेवला. दुसऱ्या महायुद्धातल्या उस्ताशा या नाझीधार्जिण्या राजवटीचे गुन्हे सौम्य करून लिहिले जात. आक्षेप घेणाऱ्यांना अडवलं जाई. २०१३ मध्ये तिथल्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना जाहीरपणे सांगितलं, हा वापरू नका. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचा अहवाल आला २०२१ मध्ये. 'समुदाय स्वतःला दुरुस्त करतो' यावर विश्वास ठेवून फाउंडेशन इतकी वर्षं हात बांधून बसलं. माणसंच थोडी असतील आणि पाच जणांनी किल्ल्या ताब्यात घेतल्या, तर दुरुस्त करायला समुदाय उरतो कुठे?

फिलिपिन्समधल्या सेबुआनो भाषेचा विकिपीडिया लेखसंख्येत इंग्रजीच्या खालोखाल आहे, साठ लाखांच्या वर. त्यातले बहुतेक एका स्वीडिश माणसाच्या सांगकाम्याने, म्हणजे आपोआप लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने, लिहिले. जगभरचे कीटक, वनस्पती, नद्या, डोंगर, आणि प्रत्येकाखाली चार ठरावीक वाक्यं. आकडा डोळे दिपवतो, वाचक नाही.

मराठीचं काय?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. म्हणजे बोलणारे कमी हा आपला प्रश्न नाही. तरी नियमित लिहिणारे थोडे, आणि दुसऱ्याचं लिहिलेलं नियमित वाचून तपासणारे त्याहून थोडे. प्रचालक हाताच्या बोटांवर मोजावेत इतके.

परिणाम साधे असतात. एखाद्या गावाच्या पानावर कुणी सरपंचांचं गुणगान चिकटवतं आणि ते वर्षभर तसंच राहतं. नटनट्यांच्या पानांवर वय रोज कमी-जास्त होतं. इंग्रजीतून यंत्राने उलथलेले परिच्छेद येतात, ज्यांत क्रियापद कशाचं हेच कळत नाही. गडकिल्ल्यांची पानं मात्र बरी असतात. ट्रेकर मंडळी तिथे पहारा देऊन असतात आणि चुकीची उंची लिहिलीत तर त्याच दिवशी कान उपटतात. जिथे माया आहे तिथे राखण आहे, बाकी रान मोकळं.

तर मग विद्यार्थ्यांना कामाला लावा. हजारोंनी आहेत.

पुण्यात लावलं होतं. २०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने भारत शिक्षण कार्यक्रमाचा पहिला प्रयोग पुण्यातल्या महाविद्यालयांत केला. शेकडो विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लिहायचं. बऱ्याच जणांनी पुस्तकांतला आणि संकेतस्थळांवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवला. आपल्याकडे प्रकल्पाची वही अशीच भरतात, त्यात मुलांना काही वावगं वाटलं नसावं. पण विकिपीडियावर तो प्रताधिकाराचा भंग ठरतो. काढायला बसले जगभरचे मूठभर स्वयंसेवक. एक मजकूर चिकटवायला मिनिट लागतं, तो कुठून उचलला हे शोधायला तासही जातो. नोव्हेंबर २०११ मध्ये प्रयोग थांबवला.

त्या फसगतीतून नंतरच्या कार्यक्रमांनी बरंच शिकून घेतलं. तरी आजही कुठल्या तरी भाषा पंधरवड्यात 'एका दिवसात दोनशे लेख' असा फलक लागलेला दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. दोनशे लेख तपासणार कोण, हे फलकावर नसतं.

त्यापेक्षा मराठी विश्वकोशाची पद्धत बरी नाही का? तज्ज्ञ लिहितात, संपादक तपासतात.

विश्वासार्हतेत बरीच. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी उभं केलेलं ते काम असं आहे की मी स्वतः कुठल्याही विज्ञानाच्या नोंदीसाठी आधी तिकडे जातो. पण पहिला खंड आला १९७६ मध्ये आणि विसावा २०१५ मध्ये. सुरुवातीच्या खंडांतली शहरांची लोकसंख्या शेवटचा खंड येईतो इतिहासजमा झाली होती. त्याआधी केतकरांनी १९२० च्या दशकात २३ खंडांचा ज्ञानकोश पुरा केला, त्यासाठी रीतसर कंपनी काढून भाग विकले, गावोगाव फिरले. आजही वाचताना अचंबा वाटतो. तो सुधारत न्यायला मात्र दुसरे केतकर मिळाले नाहीत.

एक पद्धत वेळेत हरते, दुसरी राखणीत. विश्वकोशाने अलीकडे विषयवार ज्ञानमंडळं करून नोंदी थेट संकेतस्थळावर अद्ययावत करायला घेतल्या आहेत. मला ही मधली वाट आश्वासक वाटते.

आमच्या ग्रामदैवताची माहिती लिहिली, 'संदर्भ नाही' म्हणून उडवली. आजीला माहीत आहे ते ज्ञान नाही का?

ज्ञान आहे. विकिपीडियाला ते पेलत नाही, इतकंच.

कुणीही लिहू शकतं म्हटल्यावर लिहिणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याची सोय राहत नाही. म्हणून नियम आला: आधी कुठेतरी छापून आलेलं असेल तरच लिहा. हा नियम नसता तर प्रत्येक पानावर घराण्यांचे वाद पेटले असते. पण त्यामुळे ज्यांच्याबद्दल छापलं गेलं नाही ते सगळे बाहेर राहतात. जात्यावरची ओवी, भटक्या जमातींच्या पंचायतींचे निवाडे, कोळ्यांचं वाऱ्याचं ज्ञान. २०११ मध्ये भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत मौखिक संदर्भांचा एक प्रयोग झाला. लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या आणि त्या संदर्भ म्हणून जोडायच्या. चर्चा पुष्कळ झाली, धोरण बदललं नाही.

छापील जगाचे जुने पक्षपातही तसेच आत येतात. भौतिकशास्त्रज्ञ डोना स्ट्रिकलंड यांच्यावरचा लेख मे २०१८ मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला. ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल मिळालं.

तुम्हाला माझा सल्ला: ती माहिती आधी गावच्या यात्रेच्या स्मरणिकेत नको, एखाद्या दैनिकात किंवा संशोधन मंडळाच्या नियतकालिकात छापून आणा. मग या.

नवख्यांना तुम्ही लोक हाकलून लावता, हे खरं का?

खरं. इंग्रजी विकिपीडियाचे सक्रिय संपादक २००७ मध्ये पन्नास हजारांवर होते, पुढच्या सात-आठ वर्षांत ते तीस हजारांच्या घरात आले. अभ्यासकांनी दाखवलं की उत्पात रोखायला केलेली स्वयंचलित साधनं नवख्यांची चांगली संपादनंही झटक्यात उलटवत होती. बघणारे थोडे म्हणून ते यंत्र वापरतात, यंत्र वापरलं की नवे येत नाहीत, नवे आले नाहीत की बघणारे आणखी थोडे. हे चक्र मोडण्याची युक्ती मला सापडलेली नाही. मराठीत मी नवख्याचं संपादन उलटवण्याआधी त्याच्या चर्चापानावर दोन ओळी लिहितो. वेळ दुप्पट जातो.

औषध असं सगळ्यांनी मिळून शोधता येईल का?

भारतानेच करून पाहिलं. सप्टेंबर २००८ मध्ये सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने क्षयरोगासाठी मुक्तस्रोत औषधशोध प्रकल्प सुरू केला. क्षय गरिबांचा आजार, त्यात औषध कंपन्यांना नफा दिसत नाही, म्हणून विचार अगदी योग्य होता. २०१० मध्ये शेकडो विद्यार्थी आणि संशोधकांनी क्षयजंतूच्या सुमारे चार हजार जनुकांची माहिती वाटून घेऊन नव्याने लावली. हे काम संगणकावर होतं, तुकड्यांत होतं, त्यामुळे छान झालं. पुढे रेणू तयार करायचे, प्राण्यांवर तपासायचे, मग माणसांवर चाचण्या. तिथे प्रयोगशाळा लागते, वर्षानुवर्षं पैसा लागतो, आणि रुग्णाला काही झालं तर उत्तर देणारा एक ठरलेला माणूस लागतो. हजार जणांवर वाटलेली जबाबदारी कुणाचीच नसते. प्रकल्पाची धग तिथे ओसरली.

नकाशाचं तर बरं चाललंय?

रस्त्यांचं, हो. जानेवारी २०१० च्या हैती भूकंपानंतर उपग्रहचित्रांवरून स्वयंसेवकांनी काही दिवसांत पोर्ट-ओ-प्रिन्सचा नकाशा उभा केला आणि मदत पथकांनी तो वापरला. पण उपग्रहाला वाडीचं नाव दिसत नाही, विहीर कुणाला खुली आहे ते दिसत नाही. ते तिथे राहणाऱ्यानेच भरायचं. कोकणातल्या कितीतरी वाड्या अजून नुसत्या ठिपक्यांच्या आहेत.

लिहिलेल्यावर कायदेशीर कारवाई झाली तर कोण उभं राहतं?

जुलै २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्यावरच्या लेखाबद्दल विकिमीडियाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटींचा दावा लावला आणि संपादकांची ओळख मागितली. खटल्याविषयीचं पान ऑक्टोबरमध्ये आदेशावरून काढावं लागलं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरच्या इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर या पोलिसांच्या विभागाने विकिपीडियाला नोटीस धाडली आणि काही संपादकांवर गुन्हाही नोंदवला.

लेखातली वाक्यं बरोबर की चूक, हा वेगळा वाद आहे आणि तो चर्चापानावर संदर्भ ठेवून घालता येतो. इथला मुद्दा असा की वर्तमानपत्राच्या बातमीदारामागे संपादक असतो, वकील असतो. फाउंडेशन काही वेळा मदत करतं, पण दारात पोलीस आले तर ते एका माणसाच्या दारात येतात. म्हणून इतिहास आणि जात या विषयांवर जाणती माणसं लिहायचं टाळतात, आणि ती पानं अतिउत्साही मंडळींच्या हाती जातात.

आता एआय सगळं लिहील. मग माणसं कशाला?

एआय लिहिण्याचा खर्च शून्यावर आणतो. तपासण्याचा नाही. वर सांगितलेली अडचण त्याने शतपट होते. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने डिसेंबर २०२२ मध्येच चॅटजीपीटीच्या उत्तरांवर बंदी घातली, कारण उत्तरं दिसायला झकास, पुष्कळदा चूक, आणि तपासायला माणसं पुरेनात. ग्रीनलँडिक विकिपीडिया यंत्र-अनुवादाच्या कचऱ्याने इतका भरला की तो सांभाळणाऱ्यानेच बंद करा म्हणून सांगितलं, आणि २०२५ मध्ये तसा निर्णय झाला. हाच कचरा पुढे यंत्रांना त्या भाषेचं शिक्षण म्हणून दिला जातो, ही त्यातली वाईट गोष्ट.

दुसरीकडे वाचक विकिपीडियावर येतच नाही, उत्तर त्याला शोधयंत्राच्याच पानावर मिळतं. २०२५ मध्ये फाउंडेशनने सांगितलं की माणसांच्या भेटी वर्षभरात सुमारे आठ टक्क्यांनी घटल्या. उद्याचा संपादक आजच्या वाचकांतूनच येतो.

माझ्याकडे आठवड्यातून अर्धा तास आहे. नवा लेख लिहू का?

नको. खातं काढा, 'अलीकडील बदल' उघडा, आणि तुम्हाला ज्यातलं कळतं अशा विषयांची वीसेक पानं आपल्या पहाऱ्याच्या सूचीत घाला. तुमचा तालुका, तुमचा धंदा, आवडता गायक, काहीही. दर आठवड्याला त्यांत काय बदललं ते बघा. संदर्भ खरंच उघडतो का, त्यात तेच लिहिलंय का, एवढं तपासा. शंका आली तर उलटवण्याआधी चर्चापानावर विचारा. हे फोनवरही जमतं, पण दोन आवृत्त्यांतला फरक शेजारी-शेजारी वाचायला संगणक सोयीचा पडतो.